चित्राबाहेरचा हात

आमच्या घरात मी काहीही बोलले की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "गोळी घेतलीस का गं?" आमटीत मीठ जास्त पडलंय म्हटलं तरी तोच, टँकरवाल्यानं हौदात निम्मंच पाणी सोडलं म्हटलं तरी तोच. विचारणाऱ्या आमच्या सासूबाई, नीलम्मा. अख्खी गल्ली त्यांना अव्वा म्हणते, म्हणून मीही म्हणते. मायेनं म्हणते असा कुणी गैरसमज करून घेऊ नये.

त्याचं मूळ असं, की माझी लेक रत्नम्मा, म्हणजे रतन, झाली तेव्हा माझी झोप उडाली. रडू थांबेना. लेकराला हातात घ्यायची भीती वाटायची. माहेरच्यांनी मला उदगीरहून नांदेडला नेलं, मनाच्या आजारांच्या डॉक्टर सिंधूबाईंकडे. त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना हा आजार होतो आणि तो बरा होतो. गोळ्या दिल्या. मी बरी झाले. फक्त सासरच्यांनी ते मनावर घेतलं नाही. मी, शिवगंगा, म्हणजे डोक्याच्या गोळ्यांची बाई, हे एकदा ठरलं ते ठरलं. मी चांगली बारावीला केंद्रात पहिली आलेली, पण त्या घरात माझ्या शब्दाला भांड्यांच्या आवाजाएवढीही किंमत नव्हती.

मागे लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्यानंतरचा तो दुसरा मोठा दुष्काळ. त्यातच उदगीर जिल्हा व्हावा म्हणून आंदोलन पेटलेलं. माझे सासरे शरणप्पा, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, मोंढ्यातले आडते आणि जिल्हा कृती समितीचे अध्यक्ष. त्यांनी हैदराबादहून पोतंभर बिल्ले मागवले होते. प्लास्टिकचे, गोल, मागची कळ दाबली की लाल-हिरवे लुकलुकणारे. 'जिल्हा झालाच पाहिजे' असं त्यावर छापलेलं. अप्पांनी त्यातला एक रतनच्या झबल्याला टोचला आणि म्हणाले, "ही आपली सगळ्यात बारकी कार्यकर्ती."

"अप्पा, त्याचं मागचं झाकण ढिलं आहे," मी म्हटलं. "आत बटनासारखी बॅटरी आहे. रतन सगळं तोंडात घालती."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अव्वांनी पाहिलं आणि विचारलं, "गोळी घेतलीस का गं?"

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी सकाळी गल्लीत टँकर आला. टँकरचा हॉर्न वाजला की आमच्याकडे माणसाचं भान सुटतं. मी पाइप घेऊन पळाले, अव्वा घागरी घेऊन, माझे यजमान संगप्पा ड्रम गडगडवत. सव्वा वर्षाची रतन बैठकीत सतरंजीवर. पाणी भरून मी आत आले तर बिल्ला सतरंजीवर पडलेला, विझलेला, झाकण एकीकडे. बॅटरी नाही. रतनच्या तोंडातून लाळेची तार लागलेली आणि ती खोकत होती. दूध दिलं, ते तिनं उलटं काढलं.

मी सतरंजी झटकली. दिवाणाखाली हात घातला. केरसुणीनं कोपरे काढले. बॅटरी कुठंच नव्हती.

"दात येऊन राहिलेत लेकराला," अव्वा म्हणाल्या. "लाळ गळंलच की. लई बाऊ करती तू."

"अव्वा, तिनं बॅटरी गिळलीय."

"बघितलीस का गिळताना?"

बघितली नव्हती. तेवढ्यावर माझा खटला निकालात निघाला. पण मी रतनला कडेवर घेतलं आणि रस्त्याला लागले, तेव्हा मागं यावंच लागलं सगळ्यांना. लोक काय म्हणतील, हा एकच धाक आमच्या घराला पुरतो.

माझे मोठे दीर, डॉक्टर वीरण्णा, एक्स-रे आणि सोनोग्राफीचे डॉक्टर आहेत. गावात त्यांचं स्वतःचं सेंटर आहे. भिंतीवर त्यांचा फोटो, लातूरच्या परिषदेत शाल घेताना. खाली लिहिलेलं, 'लहान मुले आणि किरणांचा सुरक्षित वापर'. त्यावर त्यांचा अभ्यास छापून आलेला. बोलताना अजूनही तो अभ्यास ते खिशातून काढल्यासारखा काढतात.

रतनच्या गळ्यात लिंग होतं. आमच्यात मूल जन्मलं की स्वामी येऊन लिंग बांधतात आणि ते अंगावरून उतरवायचं नसतं. चांदीची गोल डबी, त्यात लिंग, आणि डबी दोऱ्यात. रतनचा दोरा आखूड, म्हणून डबी छातीच्या वरच्या अंगाला, गळ्याच्या खड्ड्याखालीच असायची.

एक्स-रे काढणाऱ्या माणसानं दोऱ्याला हात लावला तशा अव्वा कडाडल्या, "लिंग उतरवायचं न्हाई! जन्मल्यापासून हललं न्हाई लेकराच्या अंगावरून."

"राहू द्या अव्वा," भाऊजी हसले. "बाहेरचा डॉक्टर असता तर काढाच म्हणाला असता. मी घरचा आहे. मला लिंगाची सावली कळत नाही होय?"

आत रतनला धरायला मी एकटीच. अंगात तो शिशाचा जड झगा. माणूस काचेपलीकडे. रतनचे हात डोक्यावर धरायचे होते. लिंगाची डबी बरोबर मध्यभागी आलेली मला दिसली. उतरवायची नव्हती ना? मी उतरवली नाही. दोरा गळ्यातच ठेवून डबी वर सरकवली आणि तिच्या कानाशी माझ्या मुठीत घट्ट धरली. "हलू नका," पलीकडून आवाज आला. मी हलले नाही.

थोड्या वेळानं भाऊजींनी आम्हाला पडद्यासमोर बोलावलं. काळ्यावर पांढऱ्या रतनच्या बरगड्या, नाजूक, आणि गळ्याच्या खड्ड्याखाली एक गोल. गोलात आणखी एक गोल.

"हे बघा," भाऊजी पेन टेकवून म्हणाले. "बाहेरचं कडं म्हणजे चांदीची डबी. आतलं कडं म्हणजे लिंग. इतकं स्वच्छ चित्र आहे. काळजीचं काही नाही. घशाला सूज असेल, सिरप लिहून देतो."

"शिवा शिवा," अव्वांनी हात जोडले.

मी म्हटलं, "भाऊजी, लिंग माझ्या मुठीत होतं."

मग अव्वांनी विचारलं, "सकाळी गोळी घेतलीस का?"

"मुठीत होतं. तिच्या कानापाशी धरलं होतं मी. छातीवर काहीच नव्हतं. हा गोल गळ्याच्या आत आहे."

भाऊजींनी खुर्ची माझ्याकडे वळवली. लहान मुलाशी बोलतात तसं ते माझ्याशी बोलू लागले. मला त्या आवाजाची शिसारी आहे. "शिवगंगा, हे बघ. यावर नवीन संशोधन झालेलं आहे. बाळंतपणानंतर ज्यांना तुझ्यासारखा त्रास होतो, त्यांना लेकराला काहीतरी झालंय असं पुढंही वाटत राहतं. तुझा दोष नाही त्यात. आजारच तसा."

"मग लिंग काढून दुसरा फोटो घ्या. लगेच कळंल."

"नाही. सव्वा वर्षाच्या लेकराला विनाकारण दुसऱ्यांदा किरणं? त्यावरही संशोधन आहे. माझंच आहे."

मला त्यांचा इतका राग आला की कानांत घण पडायला लागले. दोन दोन संशोधनं घेऊन माणूस समोर बसलेला आणि लेकरू माझ्या खांद्यावर लाळ गाळतंय. मी रतनला टेबलावर बसवलं, गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला आणि डबी अव्वांच्या तळहातावर ठेवली.

"हे घ्या. आता काढा फोटो."

अव्वांनी डबी कपाळाला लावली. "लेकराला भवी केलंस! बिनालिंगाचं केलंस! शिवा, ह्या बाईच्या डोक्याचं काय करावं रे!"

भाऊजींनी माझ्याशी बोलणंच बंद केलं. ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "संगप्पा, हिला घरी घेऊन जा. आणि नांदेडच्या त्या बाईला फोन लाव. डोस वाढवा म्हणावं."

संगप्पांनी काय करावं? त्यांनी खाली वाकून रतनचा पडलेला बूट उचलला. लग्नापासून मी त्यांना असंच पाहत आलेय. भांडण पेटलं की ते काहीतरी उचलायला वाकतात.

नांदेडला फोन मीच लावला, तिथंच, सगळ्यांसमोर. डॉक्टर सिंधूबाईंनी मला गोळीचं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, बॅटरी केवढी होती, लाळ गळते का, दूध गिळते का, खोकते का. मग विचारलं, "लिंग तुझ्या हातात होतं?"

"हो."

"मग होतं. नीघ तू. एक मिनिट थांबू नकोस. ती बॅटरी आत बसल्या बसल्या जाळत जाते. वाटेत मध मिळाला तर थोड्या थोड्या वेळानं चमचाभर दे, गिळत असेल तरच. त्यानं भाजणं कमी होतं, असं अलीकडच्या अभ्यासात आलंय. पण मधासाठी थांबायचं नाही. इथल्या मुलांच्या तातडीच्या विभागात मी सांगून ठेवते."

'मग होतं.' एवढंच बोलल्या. मला तिथंच हुंदका फुटला असता, पण त्या लोकांसमोर रडायचं नाही म्हणून मी दात आवळले. काउंटरवर त्या फोटोची सीडी ठेवलेली होती ती उचलली आणि बाहेर पडले.

रस्त्यावर काळी-पिवळी जीप मिळाली. संगप्पा मागून धावत आले आणि ड्रायव्हरशेजारी पुढं बसले, म्हणजे माझ्याकडे बघायची वेळ नको. रतनचा बूट अजून त्यांच्या हातात होता.

गावाबाहेर, नांदेडकडे जाणाऱ्या नाक्यावर जीप थांबली. पुढं ट्रकांची रांग. टायर जळत होते. रास्ता रोको. आणि रास्ता रोको कुणाचा, तर आमच्याच सासऱ्यांचा! मधोमध हातगाड्यावर अप्पा उभे, हातात माइक, छातीवर बिल्ला लुकलुकतोय.

"बंधूंनो, साधा ताप आला तरी आमी लातूरला पळायचं. नांदेडला पळायचं. आमच्या लेकराबाळांनी रस्त्यात मरायचं का? जिल्हा हुईल तवा मोठा दवाखाना हितंच हुईल!"

लोक टाळ्या वाजवत होते. मी रतनला घेऊन त्या गाड्यापाशी गेले. हातातली काठी आडवी धरून एक जण म्हणाला, "ताई, गाडी सुटणार न्हाई." मी त्याला म्हटलं, "बाजूला हो, नाहीतर हे लेकरू तुझ्या दारात आणून ठेवीन." तो बाजूला झाला.

अप्पांनी मला बघितलं आणि माइकवर हात न ठेवताच म्हणाले, "काय झालं? घरचं घरात बोलू."

"घरात बोलले, अप्पा. तुम्ही ऐकलं नाही." मी गाड्यावर चढले आणि त्यांच्या सदऱ्यावरचा बिल्ला उपटला. सदरा टरकला. नखानं झाकण उडवलं आणि ती चकचकीत बॅटरी त्यांच्या नाकासमोर धरली. "ही रतनच्या गळ्यात अडकलीय. तुम्ही टोचलेल्या बिल्ल्यातली. तुमचे डॉक्टर चिरंजीव म्हणतात, ते लिंग आहे. तुमच्या नातीला आता इथून जाऊ देता, की जिल्हा झाल्यावर जाऊ?"

शेवटचं वाक्य भोंग्यातून सगळ्या नाक्यावर गेलं. समोरची माणसं अप्पांकडे बघायला लागली. रतन माझ्या खांद्यावर ओकारी काढत होती, आणि त्या ओकारीचा आवाजसुद्धा भोंग्यातून गेला.

"गाडी सोडा," अप्पा म्हणाले. "सोडा रे, गाडी सोडा!"

त्यांना माझं पटलं होतं की नाही, मला माहीत नाही. माइक चालू होता, एवढं माहीत आहे. पण खरं ते सांगते, लोक टायर ओढत असताना मी मध लागेल म्हटलं, तसं त्यांनी स्वतः पळत जाऊन समोरच्या किराणा दुकानातून मधाची बाटली आणून माझ्या हातात दिली.

नांदेडपर्यंतचा रस्ता मी सांगत नाही. मध चाटवायचा, तिनं गिळला की पुन्हा श्वास घ्यायचा, एवढंच मी करत होते. दोन्ही बाजूंना काळी रानं, एक हिरवं पान नाही. संगप्पा एकदाच मागं वळले आणि म्हणाले, "लिंग मुठीत होतं ना, नक्की?" मी त्यांना उत्तर दिलं नाही. आजपर्यंत दिलेलं नाही.

दवाखान्याच्या दारात तरुण डॉक्टर उभाच होता. गोड बोलणं त्यालाही माहीत नव्हतं. "इतका उशीर? गळ्यात काही घातलंय का?"

"काही नाही. काढून आलेय."

त्यानं आमची सीडी बाजूला ठेवली आणि लगेच नवा फोटो घेतला. पडद्यावर बरगड्या उमटल्या. गोल होता. त्याच जागी. गोलात गोल. बिनालिंगाच्या लेकराच्या गळ्यात.

"बॅटरी," तो म्हणाला आणि पळाला. त्याच्यामागं दोन नर्स रतनला घेऊन पळाल्या. तिचा एक पाय उघडा होता, तो तेवढा मला दिसत राहिला.

मी त्या दाराबाहेर फरशीवर बसले. मी कुणालाही हात जोडले नाहीत. मला फक्त राग येत होता, आणि रागाच्या खाली भीती होती, ती वर येऊ नये म्हणून मी रागच धरून ठेवला. डॉक्टर सिंधूबाई आल्या आणि माझ्याशेजारी फरशीवरच बसल्या.

नळी घालून बॅटरी काढली. त्या तरुण डॉक्टरनं मला ती प्लास्टिकच्या डबीत दाखवली. एका बाजूनं काळी पडली होती. "अन्ननलिका भाजली आहे," तो म्हणाला. "भोक पडायच्या बेतात होतं. आवाजाच्या शिरेलाही धक्का बसलाय. वाचली म्हणायची." मग जाता जाता वळून म्हणाला, "तुमच्या दिरांचा फोन आला होता. आई मानसिक पेशंट आहे, तिच्या सांगण्यावर जाऊ नका, म्हणत होते. मी फोन घेतला तेव्हा बॅटरी बाहेर आलेली होती."

रतन शुद्धीवर आली तेव्हा रडली. तोंड उघडलं, गाल लाल झाले, डोळ्यांतून पाणी गेलं, आणि आवाज नाही. नुसती हवा. असं रडणं मी पहिल्यांदा पाहिलं. माझंही त्या घरात वर्षभर असंच चाललं होतं. तोंड उघडायचं, आणि बाहेर हवा.

दुसऱ्या दिवशी सगळे आले. अव्वांनी लिंग धुऊन, विभूती लावून, रेशमी फडक्यात आणलं होतं. "लिंगानंच वाचवलं गं बाई," त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या. भाऊजी मागं हात बांधून उभे. त्यांनी रात्रीतून नवं शास्त्र शोधून काढलं होतं. बॅटरी म्हणे लिंगाच्या बरोब्बर मागं होती. सावलीवर सावली पडली. जगातला कुठलाही डॉक्टर फसला असता.

"लिंग माझ्या मुठीत होतं," मी म्हटलं.

"तुला तसं वाटतंय," भाऊजी म्हणाले. "त्या गडबडीत तुला काय आठवणार?"

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कारण ही गोष्ट सगळ्यांच्या सोयीची होती. डॉक्टर चुकला नाही, बिल्ला देणाराही सुटला, लिंगानं राखलं आणि सून नेहमीप्रमाणं भ्रमिष्ट. माझी लेक वाचली होती, मी गप्प बसायला हवं होतं, असं तुम्हालाही वाटत असेल. मला नाही वाटलं. उद्या रतनच्या पोटात दुखेल, परवा ताप येईल. मी सांगेन आणि पुन्हा हेच विचारतील, गोळी घेतलीस का? पुढच्या वेळी नाक्यावर माइक नसेल.

पावसाळा आला तसा गेला. जिल्हा झाला नाही. रतनच्या गळ्यात लिंग पुन्हा बांधलं. तिचा आवाज थोडा परतला, पण घोगरा. हाक मारली तर शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही.

दिवाळीच्या सुमाराला भाऊजी लॅपटॉप घेऊन घरी आले. नांदेडला मोठी परिषद होती आणि ते रतनवर निबंध वाचणार होते. 'धार्मिक लिंगामागे लपलेली बॅटरी.' जेवणं झाल्यावर सगळ्यांना बैठकीत बसवून त्यांनी तो दाखवला. इंग्रजीत होता. मला इंग्रजी येतं, हे ते विसरले असावेत. त्यात एक ओळ होती. मुलीच्या आईला मानसिक आजाराचा इतिहास असल्यानं तिनं दिलेली माहिती भरवशाची नव्हती.

"चित्रं वापरायला आईची सही लागते," भाऊजी म्हणाले आणि पेन पुढं केलं.

मी पेन घेतलं नाही. मी पडद्यावरचं चित्र बघत होते. चौकोनी, नीटनेटकं, कडांना काळीभोर पट्टी. हनुवटीपाशी संपलेलं.

"भाऊजी, रतनचा कान कुठाय?"

"कान? छातीचा एक्स-रे आहे गं. कान कशाला?"

"आणि माझा हात? मी तिच्या कानापाशी हात धरला होता."

"पालकाचा हात चित्रात येणं ही चूक असते. मी लातूरला हेच तर सांगितलं होतं. माझ्या सेंटरमध्ये कडेला हात आला तर काळी पट्टी ओढून तो कापून टाकायचा, असा नियमच आहे."

"कापून टाकता," मी म्हटलं. "म्हणजे होता."

भाऊजींचं पेन हवेतच राहिलं. मी उठले आणि कपाटातून सीडी आणली. काउंटरवरून उचललेली, तीच. ती त्यांच्या लॅपटॉपवर ठेवली. "ती काळी पट्टी बाजूला सरकते का बघा."

ते म्हणाले, "असला मूर्खपणा..." आणि मग, माझं तोंड एकदाचं बंद करावं म्हणूनच, त्यांनी सीडी घातली. चित्र उघडलं. बोट फिरवलं. काळी पट्टी सरकली.

आधी रतनची हनुवटी आली. मग कान, मग वर धरलेले तिचे बारके हात. आणि वरच्या कोपऱ्यात एक मूठ. माझी. चार बोटांची हाडं गच्च आवळलेली, अंगठा वरून दाबलेला, मनगटावर लग्नातल्या पाटलीची पांढरी रेघ. त्या हाडांच्या आत एक गोल होता, मोठा, ठसठशीत. चांदीची डबी.

आणि खाली गळ्यात दुसरा गोल.

अप्पा पुढं झुकले आणि त्यांनी चष्मा पुसला. संगप्पांना या वेळी उचलायला खाली काही नव्हतं. अव्वांना चित्र वाचता येत नव्हतं. त्या एकेकाकडे बघत विचारायला लागल्या, "काय हाय? काय हाय रे ते? बोला की कुणीतरी!"

"सकाळीच घेतली, अव्वा," मी म्हटलं. "गोळी."

भाऊजी घसा खाकरून म्हणाले, "दोन सावल्या आहेत, हे मान्य. पण त्या दिवशी माझ्यासमोर जे चित्र होतं त्यात..."

"सही देते मी," मी म्हटलं. "पण हे चित्र लावायचं. न कापता. आणि ती ओळ काढायची, आणि तिथं लिहायचं, आईनं तेव्हाच सांगितलं होतं."

"शास्त्रीय निबंधात असं लिहीत नसतात."

"मग लिहू नका."

त्यांनी लॅपटॉप मिटला. निबंध वाचला गेला नाही. आजकाल ते सणालाही येतात ते उभ्या उभ्या.

मी नांदेडला जाऊन त्या अख्ख्या चित्राची मोठी फिल्म काढून आणली आणि बैठकीच्या खिडकीला लावली, अप्पांच्या समितीच्या फोटोंशेजारी. सकाळी ऊन आलं की रतनच्या बरगड्या आणि माझी मूठ उजळून निघते. अप्पा कुरकुरले, "घरचं घरात बरं असतंय." मी म्हटलं, "घरातच लावलंय की."

येणारा जाणारा विचारतोच. मी एक शब्द सांगत नाही. सांगायचं अव्वांनी, असं मी ठरवलंय. आधी त्या टाळायच्या. "रतनचा फोटू हाय, दवाखान्यातला," एवढंच म्हणायच्या आणि पान लावायला घ्यायच्या.

परवा रेणापूरहून त्यांची मावसबहीण आली होती. तिनं खिडकीपाशी जाऊन निरखून पाहिलं आणि विचारलं, "नीलम्मा, ह्यो हात कुणाचा गं?"

मी स्वयंपाकघरात होते. बाहेर अव्वांचा पानाचा डबा उघडल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा. मी गॅस बारीक केला. मग बंदच केला.

"आमच्या सुनंचा," अव्वा म्हणाल्या. आवाज रतनच्यासारखा, घशातच राहिलेला. "लिंग त्या मुठीत हाय, बघ. ती सांगून राहिली होती. आमी ऐकलो न्हाई."

मी हात पुसत बाहेर आले आणि दारात उभी राहिले.

"अव्वा, जरा मोठ्यानं सांगा," मी म्हटलं. "मावशींना कमी ऐकू येतं."